अरिष्ट पलीकडच्या गावचं

गव्हर्नरच्या कचेरीतून पत्र आलं तेव्हा मी एका बाळाची नोंद करत होते. बाळाचा बाप नाव विसरला होता. नाव बायकोनं ठरवलं होतं आणि तो ते घोकत घरून निघाला होता, पण वाटेत त्याला दोन मित्र भेटले. मी त्याला बाकावर बसवलं, आठवत बस म्हटलं आणि पत्र उघडलं.

प्रत्येक नगरपालिकेनं सप्टेंबरअखेर आपला आपत्कालीन आराखडा सादर करायचा होता. कोणतं संकट येऊ शकतं, कुठे येईल, येण्याची शक्यता किती, आलं तर नुकसान किती, आणि तेव्हा कुणी काय करायचं. सोबत बारा पानी फॉर्म. शेवटच्या पानावर एक तक्ता होता: स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडू न शकणाऱ्या व्यक्तींची नावं आणि पत्ते.

मी पत्र घेऊन नगराध्यक्षांच्या खोलीत गेले. सी लझर, म्हणजे लझरसाहेब, आमच्या ऐन तर्फा गावाचे नगराध्यक्ष. तेलाचा घाणा त्यांचाच, त्यामुळे त्यांच्या सह्यांना नेहमी ऑलिव्हचा वास येतो. त्यांनी पत्र वाचलं आणि बोटानं माझ्याकडे परत ढकललं.

"तूच कर, मुफिदा."

"माझ्याकडे जन्ममृत्यूचं काम आहे, सी लझर."

"म्हणूनच म्हणतो. मृत्यू तुझ्याकडेच ना? हे त्याच्या अलीकडचं."

बाहेर आले तर बाळाचा बाप निघून गेला होता. ते बाळ आठवडाभर बिननावाचं राहिलं.

आमच्या आणि शेजारच्या बिर लूझ गावाच्या मधून ओढा जातो. ओढा म्हणायचा, पण वर्षाचे अकरा महिने त्यात बकऱ्या चरतात आणि पोरं फुटबॉल खेळतात. बाराव्या महिन्यात कधीतरी डोंगरावर पाऊस पडतो. इकडे ऊन असतं, वाळत घातलेले कपडे दोरीवर असतात, आणि पाणी येतं. दोन्ही गावांना हे पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे, आणि दोन्ही गावांनी पिढ्यान्पिढ्या ओढ्याला लागूनच घरं बांधली आहेत, कारण तिथली माती चांगली.

आराखड्यासाठी बैठक बोलावली. सी लझर, खालती मबरूका, अम खमैस आणि मी. खालती मबरूका सगळ्या गावाची मावशी आणि बायकांच्या वतीनं सभासद. अम खमैस सगळ्या गावाचे काका आणि बांधकामाचे कंत्राटदार. बदाम घातलेला चहा आला. मी फॉर्म उघडला.

"पहिला प्रश्न. गावाला कुठल्या संकटाचा धोका आहे?"

अम खमैसनी चहात आणखी साखर घातली आणि बराच वेळ ढवळली.

"पूर," मी म्हटलं.

"अरिष्ट दूर राहो!" तिघं एका सुरात म्हणाले.

"दूर राहो. पण लिहायचं आहे. ओढ्याला पाणी आलं तर कुणाकुणाच्या घरात शिरेल?"

"मुफिदा, तुझ्या तोंडाला काही कडीकोयंडा?" खालती मबरूका म्हणाली. "पुढच्या महिन्यात माझ्या भाचीचं लग्न आहे, आणि तू बसल्या बसल्या घरात ओढा आणतेस?"

"मी नाही आणत. गव्हर्नर विचारतोय."

"मग त्याच्या घरात आण म्हणावं."

तासभर असंच चाललं. मी आग म्हटलं की अरिष्ट दूर राहो. भूकंप म्हटलं की अरिष्ट दूर राहो आणि लाकडाच्या टेबलावर तीनदा टकटक. आमच्याकडे संकटाचं नाव घराच्या पत्त्यासकट घेतलं तर ते त्या पत्त्यावर येतं, अशी समजूत आहे. पोस्टानं येणाऱ्या पत्रांवर आमचा एवढा विश्वास नाही.

शेवटी मार्ग काढला सी लझरनी. ते उगाच नाहीत नगराध्यक्ष.

"हे बघा," ते म्हणाले, "ओढ्याला काठ दोन आहेत. समजा, नुसतं समजा, पूर आला बिर लूझला."

खोलीतली हवाच बदलली. अम खमैसनी चमचा खाली ठेवला.

"बिर लूझला? तिथली मशिदीमागची भिंत पहिल्या पाण्यात जाईल. खात्रीनं सांगतो, मीच बांधली आहे."

"आणि शाळेचं फाटक आतल्या बाजूला उघडतं," खालती मबरूका म्हणाली. "आत पाणी भरलं की उघडायचंच नाही. पोरं अडकतील बिचारी."

"आणि तो फर्हात न्हावी! ठार बहिरा. दुपारी दाराला कडी लावून झोपतो. हाका मारून उपयोग नाही. मागच्या जिन्यानं गच्चीवर जायचं, तिथून आत उतरायचं आणि पायाचा अंगठा ओढायचा. डावा. उजव्याला त्याला काही कळत नाही."

मी लिहीत गेले. हात दुखेपर्यंत लिहिलं. कुठल्या घराचं छत गळतं, कुठल्या विहिरीला कठडा नाही, कुणाच्या सुनेला दिवस गेले आहेत, कुणाच्या गाढवाला पाण्याची भीती वाटते. बिर लूझबद्दल आम्हांला इतकं माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. त्यांची नावं घ्यायला कुणाची जीभ अडखळत नव्हती. सगळे मनापासून हळहळत होते, आणि सगळ्यांनी दुसरा चहा मागवला.

मग गुण द्यायचे होते. शक्यता एक ते पाच, नुकसान एक ते पाच. पाच म्हणजे सर्वनाश. मी म्हटलं, "पूर. किती?"

तिघांनी एकदम पंजा वर केला. पाचही बोटं पसरून, समोर. नजर लागू नये म्हणून आम्ही तसाच पंजा धरतो, वाईट काही कानावर पडलं की हात आपोआप वर जातो. मी ओळखलं, पण फॉर्ममध्ये हाताच्या हेतूसाठी रकाना नव्हता. पाच लिहिलं. आग, पाच. भूकंप, पाच. टोळधाड, पाच. छापील फॉर्ममध्ये बर्फाचं वादळही होतं. आमच्याकडे खजूर पिकतात. तरी पाच.

"सी लझर, हा आराखडा ऐन तर्फाचा हवा आहे," मी शेवटचा प्रयत्न केला.

"ऐन तर्फाचाच आहे. ऐन तर्फानं केला आहे."

मी भांडले नाही. मी भांडकुदळ म्हणून गावात प्रसिद्ध आहे, पण त्या दिवशी भांडले नाही. खरं सांगायचं तर मलाही हायसं वाटलं. आमच्या काठावर ओढ्याला सगळ्यात लागून जी आहे ती तबूना गल्ली, जुन्या भट्ट्यांची. आणि त्या गल्लीतलं शेवटचं घर माझ्या आईचं.

माझ्या आईला, दलंदाला, दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. जीभ राहिली. वर चढावर आमच्याकडे राहायला ये म्हणून मी पाया पडले, नवऱ्यानं गळ घातली, पण जावयाच्या घरी ती नळाचं पाणीसुद्धा उसनं समजते. म्हणून मी रोज पहाटे जायचे, तिला उठवायचे, धुवायचे, डोक्याला रुमाल बांधायचे आणि दारातल्या लाल खुर्चीत बसवायचे. संध्याकाळी येऊन आत न्यायचे. मधला सगळा दिवस ती त्या खुर्चीत गल्लीचा दरबार भरवायची.

"बसलीस का, खालती दलंदा?" येणारेजाणारे विचारायचे.

"आत्ताच टेकले," ती सांगायची.

दोन वर्षं ती आत्ताच टेकलेली होती. सगळ्या गल्लीला खरं काय ते माहीत होतं. बोलत कुणीच नव्हतं, कारण बोललं की दुखणं पक्कं होतं. जेवणाच्या वेळी कुणीतरी सहज आल्यासारखं करून तिच्या तोंडात चार घास घालायचं आणि दोघी मिळून हवेबद्दल बोलायच्या. चांगली माणसं आहेत आमची. त्यांच्या चांगुलपणाचा मला कधीकधी फार संताप येतो.

शेवटच्या पानासाठी मी घरोघर फिरले. एका घरात म्हातारा खाटेला खिळलेला समोर दिसत होता. सून म्हणाली, "जरा पडलेत. संध्याकाळी फिरायला जातील." तो खाटेवर पडून चार वर्षं झाली होती. दुसऱ्या घरात आंधळ्या आजीनं मला दारापर्यंत पोचवलं, आणि दार समजून कपाट उघडून धरलं. मी कपाटाला सलाम करून बाहेर पडले. सगळीकडून एकच उत्तर घेऊन मी आईकडे पोचले.

"आई, एक फॉर्म आहे. ज्यांना चालता येत नाही त्यांच्या नावांचा."

"बरं. मग इकडे कशाला आलीस?"

"पाणी आलं तर, अरिष्ट दूर राहो, तुला न्यायला कुणीतरी यायला हवं."

"पाणी आलं तर मी उठेन आणि जाईन."

"आई."

"उठेन आणि जाईन. ऐकू येतं का? आज लोक विचारतात, बसलीस का. उद्या तुझा कागद लागला की विचारतील, कशी आहेस गं. तोंड पाडून. मला नकोत असली तोंडं." तिनं डाव्या हातानं रुमाल सारखा केला. "त्या कागदावर माझं नाव दिसलं तर माझं दूध तुला माफ नाही. मेले की लिही. तेव्हा काय, नोंद तुझ्याकडेच आहे."

समोरून बिर लूझची दूधवाली सासिया चालली होती. दोन्ही गावांत दूध घालते आणि दोन्ही गावांतलं ऐकते. आईनं आवाज चढवला, "आत्ताच टेकले गं!" सासियानं विचारलंही नव्हतं.

त्या दिवशी कचेरीत परत आल्यावर मी तक्त्याच्या खाली लिहिलं: एकूण व्यक्ती, शून्य. शून्य चांगला गोल आला. मला माझी लाज वाटली. शिवाय सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याची आणखी वेगळी लाज वाटली.

आराखडा द्यायला मी स्वतः गेले. गव्हर्नरच्या कचेरीतल्या बाकावर अब्देसत्तार बसला होता. हा बिर लूझच्या नगरपालिकेतला माझ्यासारखाच कारकून. उंच, वाकलेला, आणि इतका सभ्य की त्याच्याशी बोलताना आपणच चुकल्यासारखं वाटतं. त्याच्या मांडीवरही जाड फाइल होती. मला पाहिल्यावर त्यानं ती उलटी केली. मीही माझी उलटी केली.

"कशा आहात, लल्ला मुफिदा?" बाईमाणसाच्या नावाआधी तो नेहमी मानाचं लल्ला लावतो.

"देवाची कृपा. तुम्ही, सी अब्देसत्तार?"

"देवाची कृपा. खालती दलंदा कशा आहेत?"

"ठणठणीत."

"अल्हम्दुलिल्ला," तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. मला त्याचं कारण कळलं नाही. त्याच्या गावच्या गाढवाचा स्वभावसुद्धा मी लिहून आणला होता, त्यामुळे माझेही लाल झाले असावेत.

आतल्या साहेबानं दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवल्या, पानं मोजली आणि गुणांचे रकाने पाहिले.

"ऐन तर्फा, पूर, पाच. बिर लूझ, पूर, पाच. बर्फाचं वादळ, दोघांचंही पाच. उत्तम. शेजाऱ्यांचं एकमत दिसतंय."

दोन शिक्के मारले. आम्ही एकमेकांकडे न बघता बाहेर आलो.

ऑक्टोबरमधल्या एका गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास, फोन वाजला. डोंगरावर ढगफुटी झाली होती, पाणी निघालं होतं, आमच्यापर्यंत यायला चाळीस मिनिटं होती, आणि आराखडा ताबडतोब अमलात आणायचा होता. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी मिरच्या वाळत घालत होतं.

सी लझर माझ्या टेबलाशी आले. त्यांना पळत येताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"आराखडा काढ. पहिलं काय आहे?"

मी वाचलं, "बिर लूझ, मशिदीमागची भिंत. तिथल्या लोकांना हलवणे."

"आणि आपल्याकडचं?"

"आपल्याकडचं काही लिहिलेलं नाही."

त्यांनी पान उलटून पाहिलं. मूर्ख नाहीत ते. पण लिहिलेलं हातात होतं आणि न लिहिलेलं नव्हतं, आणि चाळीस मिनिटांत विचार करण्याची आमच्या नगरपालिकेला सवय नाही. "मग जे लिहिलंय ते करा," ते म्हणाले. अम खमैसचा लोडर आणि गावातले दोन्ही ट्रॅक्टर दहा मिनिटांच्या आत वरच्या पुलावरून बिर लूझकडे निघाले. इतकं चोख काम आमच्या नगरपालिकेनं त्याआधी कधी केलं नव्हतं.

एक ट्रॅक्टर माझ्या समोरून गेला. त्याला थांबवायला मी हात वर केला, आणि तो हात मी केसांवरून फिरवून खाली घेतला. थांबवलं असतं तर सांगावं लागलं असतं, का ते. "मी जरा जाऊन येते," असं मी सी लझरना म्हटलं आणि तबूना गल्लीकडे पळत सुटले.

पाणी चाळीस मिनिटं थांबलं नाही. मी गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा ते माझ्याआधी पोचलं होतं. रंगाला कॉफीसारखं, आणि आवाज असा की गिरणीत उभं राहिल्यासारखं वाटावं. एक दार, दोन टायर आणि कुणाचं तरी कलिंगड वाहत चाललं होतं. शेजारणी गाठोडी घेऊन चढावर उभ्या होत्या.

"आई कुठे आहे माझी?"

"ती म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी आलेच," एक जण म्हणाली.

"आणि तुम्ही झालात पुढे?"

"ती म्हणाली ना," ती म्हणाली आणि पायांकडे बघायला लागली.

मी पाण्यात घुसले. चार पावलांत कमरेला लागलं, पाचव्याला पाय सुटला. कॉफीच्या दुकानातल्या दोघांनी मला दंडांना धरून मागे ओढलं. मी एकाला चावले. मग मी ओरडले, दोन वर्षांत पहिल्यांदा, भर चढावर, सगळ्या गल्लीसमोर:

"माझ्या आईला उठता येत नाही!"

"माहीत आहे," सगळे म्हणाले. मोठ्यानं नाही. पण सगळे.

लाल खुर्ची दिसत होती. पाणी तिच्या बैठकीला लागलं होतं. आई ताठ बसली होती, रुमाल सारखा, नजर समोर, येणाऱ्याजाणाऱ्याची वाट बघत असल्यासारखी. मला तिनं पाहिलं. डावा हात वर केला. मला वाटलं निरोप देते आहे. नंतर ती म्हणाली, मी तुला घरी जा म्हणत होते, अंगावर ओले कपडे होते तुझ्या.

तेव्हा वरच्या रस्त्यानं एक निळा ट्रॅक्टर आला. आमच्यात निळा ट्रॅक्टर कुणाचाच नाही. मागच्या ट्रॉलीत बिर लूझची पाच माणसं होती आणि पुढे मडगार्डवर अब्देसत्तार, एका हातानं लोखंड धरून, दुसऱ्या हातात कागद. आम्ही हातवारे करत होतो, पण त्यांनी कुणालाही पत्ता विचारला नाही. गल्लीच्या तोंडातून ते आत गेलेच नाहीत. दळणाच्या गिरणीमागून वळले, पडक्या कुंपणातून शिरले आणि थेट आईच्या मागच्या दाराशी उभे राहिले. ते दार तिथे आहे हे आमच्या अर्ध्या गावाला माहीत नसेल.

मागून आत शिरलेले दोघं पुढच्या दारात दिसले. आईनं डोकं हलवलं. पुन्हा हलवलं. मग डाव्या हातानं एकाच्या थोबाडीत मारली. त्यांनी तिला खुर्चीसकट उचललं आणि आत नेलं. पाच मिनिटांनी ट्रॉलीत, पाच माणसांच्या मधोमध, लाल खुर्चीत बसून माझी आई चढावर आली. गावानं तिला पहिल्यांदाच हलताना पाहिलं, दोन वर्षांनंतर.

दोन्ही गावांत माणूस एकही गेलं नाही. बिर लूझला आमच्या लोकांनी शाळेचं फाटक बिजागरीसकट उपटून पोरं बाहेर काढली. फर्हात न्हाव्याचा डावा अंगठा ओढला. तो उठला आणि त्यानं विचारलं, तुमच्या गावात न्हावी नाही का? मशिदीमागची भिंत पहिल्याच पाण्यात गेली, आणि अम खमैसनी ते सगळ्यांना दोनदोनदा सांगितलं. तबूना गल्लीतल्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला आणि आंधळ्या आजीलाही त्या निळ्या ट्रॅक्टरनंच काढलं. दोघंही यादीत होती. त्यांच्या यादीत.

सगळ्यांना आमच्या शाळेत आणलं. आई वर्गाच्या मधोमध, खुर्चीत, घोंगडी पांघरून. तिचे ओठ निळे पडले होते, पण जीभ ठीक होती.

"माझं नाव कुणी दिलं?"

अब्देसत्तार पुढे झाला. त्याच्या गालावर चार बोटं उमटली होती.

"आमच्या आराखड्यात होतं, खालती."

"तुमच्या आराखड्यात मी कशाला?"

"आमच्याकडे, म्हणजे, आमच्या गावाचं कुणी काही सांगेना. मग तुमच्या गावाचं विचारलं. सगळे भराभर सांगायला लागले. सासियानं तर दोन पानं सांगितली."

सी लझरनी खिडकीबाहेर पाहिलं. मी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं.

"वाच," आई मला म्हणाली. तिला वाचता येत नाही. अब्देसत्तारनं कागद माझ्या हातात दिला. अर्धा भिजला होता.

मी वाचलं. "दलंदा बिन्त सालिम. तबूना गल्ली, शेवटचं घर. वय सत्त्याहत्तर. उजवा हात व उजवा पाय चालत नाही. दिवसभर पुढच्या दारात लाल खुर्चीत असते. पुढच्या दाराला पायऱ्या असल्यानं मागच्या दारानं काढावे. वाट गिरणीमागून. मी उठेन आणि जाईन असं सांगेल. ऐकू नये. मारेल. उचलावे."

मला वाटलं, आता ती कागद फाडायला सांगेल.

"पंच्याहत्तर," आई म्हणाली. "सत्त्याहत्तर असेल ती सासिया स्वतः."

अब्देसत्तारनं खिशातून पेन काढलं आणि ओल्या कागदावर वय दुरुस्त करून घेतलं.

मग आई माझ्याकडे वळली. "आणि तुझ्या कागदात काय लिहिलं होतंस?"

"शून्य."

"मी नको म्हटलं म्हणून?"

"हो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी लहानपणी भाकरी करपवली की बघायची तसं.

"एकेचाळीस वर्षांची झालीस," ती म्हणाली. "लग्न मी सांगितलं तिथे केलं नाहीस. नोकरी करू नको म्हटलं, केलीस. केस कापू नको म्हटलं, कापलेस. एकेचाळीस वर्षांत एकदा माझं ऐकलंस, आणि तेही हे ऐकलंस?"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडले. घोंगडीला शाळेच्या खडूचा वास येत होता. तिचा डावा हात माझ्या कापलेल्या केसांवर आला.

"रडू नको," ती म्हणाली. "लोक बघताहेत."

लोक बघत नव्हते. सी लझर, अम खमैस, खालती मबरूका, गल्लीतल्या सगळ्या जणी, सगळे आमच्या रिवाजाप्रमाणे दुसरीकडे तोंड करून हवेबद्दल बोलत होते. आमच्याकडे सरळ बघत होता तो एकटा अब्देसत्तार. तो पलीकडच्या गावचा.